आधी अनुज्ञा, मग वास्तुशांती

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरोघर पार्थिव गणेशाची स्थापना होते. आचमन, प्राणायाम, देशकालाचा उच्चार, संकल्प, कलश-शंख-घंटा यांचे पूजन आणि त्यानंतर प्राणप्रतिष्ठा, हा क्रम घरातील लहान मुलांसही ठाऊक असतो. दीड दिवस वा दहा दिवस राहणाऱ्या मृण्मय मूर्तीसाठी आपण एवढी दक्षता घेतो. परंतु ज्या घरात आपल्या तीन पिढ्या नांदावयाच्या, त्याचा पाया खणताना शेजाऱ्यास विचारावे, ग्रामपंचायतीस कळवावे, रीतसर अनुज्ञा घ्यावी, असे फार थोड्यांस वाटते. मुहूर्त काढला, नारळ फोडला, कुदळ मारली, की काम सुरू! वास्तुशांतीस गावजेवण घालणारे यजमानही परवानगीचा विषय निघताच ‘बघू पुढे’ म्हणून मोकळे होतात. भाविक वाचकहो, उत्सवाच्या या मंगल दिवसांत याच विषयाचा विचार करण्याचे योजिले आहे. विघ्नहर्त्याची प्रार्थना करावयाची आणि विघ्नाचा पाया मात्र स्वहस्ते घालावयाचा, ही विसंगती धर्मनिष्ठांस शोभणारी नाही.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना लागणारे लिंबागणेश हे भालचंद्र गणेशाचे क्षेत्र. अशा क्षेत्राच्या गावी रस्त्याचे मोल फार मोठे. एरवी ज्या बोळातून दहा-वीस माणसांची ये-जा, त्याच बोळातून उत्सवात पालखी जावयाची, दिंड्या जावयाच्या, लेकरे कडेवर घेतलेल्या मायबहिणी जावयाच्या. कीर्तनाच्या निमित्ताने मराठवाड्यातील अनेक गावे पाहण्यात आली. बोळ अरुंद होण्याची रीत सर्वत्र एकच. प्रथम ओटा हातभर पुढे सरकतो. दुसऱ्या वर्षी ओट्यावर पत्रा येतो. तिसऱ्या वर्षी पत्र्याखाली भिंत उभी राहते आणि चौथ्या वर्षी भिंतीवर स्लॅब पडतो. समोरचा तरी मागे का राहील? त्याच्याही पायऱ्या उतरू लागतात. अखेरीस पालखीचे भोई आडवे होऊन चालतात, आणि रात्री-अपरात्री एखादी लेकुरवाळी अडली तर रुग्णवाहिका वेशीपाशीच थांबते. हातभर जागा मिळविणाऱ्यास ती वर्षभर उपयोगी पडते खरी. पण जिच्यामुळे एखाद्याचा प्राण अडला, त्या हातभर जागेचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडावयाचा?

‘जागा माझी, पैसा माझा, मग परवानगी कसली? हे सारे इंग्रजांच्या राज्यातले खूळ!’ असे बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आपलेच ग्रंथ उघडून पाहावेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात गृहवास्तूचे स्वतंत्र प्रकरण आहे. नवे घर बांधताना शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर सोडावे, सांडपाण्याची वाट कोठून काढावी, याची मापे तेथे दिली आहेत. आणि पाण्याच्या वाटेचा नियम मोडणाऱ्यास चौपन्न पण दंड सांगितला आहे. घरमालकांनी आपापसात ठरवून हवे तसे बांधावे, मात्र जे अनिष्ट असेल ते टाळावे, अशी मुभाही तोच ग्रंथ देतो. म्हणजे स्वातंत्र्य आहे. पण ते शेजाऱ्याच्या संमतीने येणारे आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सीमाविवादाचे प्रकरण आहे. शेजारी, गावातील वृद्ध, इतकेच काय, गुराखीसुद्धा सीमेचे जाणकार म्हणून तेथे मानले आहेत. या स्मृतीवर मिताक्षरा टीका लिहिणारे विज्ञानेश्वर आपल्या मराठवाड्याला लागूनच असलेल्या कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाचे. तेव्हा हा विचार परका नव्हे. तो आपल्या अंगणातलाच आहे.

वराहमिहिराची बृहत्संहिता तर याच्याही पुढे जाते. मूर्तीसाठी झाड तोडावयाचे असेल, तर आदल्या रात्री त्या झाडाची पूजा करून त्यात वसणाऱ्या भूतमात्रांस ‘आपण अन्यत्र वास्तव्य करावे’ अशी विनंती करावी, असे तेथे सांगितले आहे. ज्यांस डोळ्यांनी पाहता येत नाही, त्यांचीही अनुज्ञा घेणारी आपली परंपरा! आणि आपण मात्र भिंतीपलीकडे राहणाऱ्या, रोज ‘रामराम’ घालणाऱ्या शेजाऱ्यास न विचारता त्याच्या खिडकीसमोर भिंत उभी करतो. वास्तुमंडलाच्या एक्याऐंशी पदांत पंचेचाळीस देवतांना त्यांची त्यांची जागा नेमून दिलेली असते. कोणी कोणाच्या पदात शिरत नाही. हे मंडल तांदळाने पाटावर काढावयाचे आणि बाहेर येऊन रस्त्याचे पद बळकावयाचे, याला पूजा म्हणता येईल काय?

आता आजचा कायदा काय म्हणतो तेही पाहू. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने गावाच्या हद्दीतील बांधकामावर पंचायतीचे नियंत्रण ठेवले आहे आणि ५३ व्या कलमाने सार्वजनिक रस्ते व मोकळ्या जागा यांवरील अडथळे दूर करण्याचा अधिकार तिला दिला आहे. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आणि डिसेंबर २०२० पासून लागू झालेली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, ही त्यापुढील चौकट. हे शब्द ऐकून भिण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये शासनाने ग्रामीण भागातील लहान घरांसाठी वाट पुष्कळ सोपी केली. सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याने मालकीचा कागद, मोजणीचा नकाशा, घराचा आराखडा, परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र आणि शुल्काची पावती ग्रामपंचायतीस सादर करावी, एवढीच अपेक्षा ठेवली गेली. आणि सुमारे ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडासाठी नगररचनाकाराकडे न जाता ग्रामपंचायतीनेच दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र द्यावे, असे ठरले. सत्यनारायणाच्या पूजेची यादीसुद्धा याहून लांब असते!

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ‘माझ्याकडे घरपट्टीची पावती आहे, नमुना नंबर आठला नोंद आहे, विजेचे मीटर आहे, म्हणजे घर कायदेशीर झाले,’ असे अनेक सज्जन समजतात. घरपट्टी हा कर आहे, अनुज्ञा नव्हे. अनधिकृत बांधकामावरही कर बसतो. तेवढ्याने ते अधिकृत होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निर्णयात स्पष्ट सांगितले, की पुष्कळ काळ लोटला किंवा पुष्कळ पैसा घातला, एवढ्यामुळे अनधिकृत बांधकाम वैध ठरत नाही.

चतुर्थीच्या चंद्रदर्शनाचा दोष टळावा म्हणून आपण स्यमंतक मण्याचे आख्यान ऐकतो. त्यातील एक मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. प्रत्यक्ष श्रीकृष्णावर चोरीचा आळ आला, तेव्हा ‘मी निर्दोष आहे’ एवढे म्हणून भागले नाही. जांबवानाच्या गुहेत जाऊन मणी आणावा लागला, तो सत्राजिताच्या हाती ठेवावा लागला, तेव्हा आळ फिटला. गृहस्थाश्रमी माणसाचा तो मणी म्हणजे परवानगीचा कागद. उद्या शेजारी तक्रार करील, भावकी कोर्टात जाईल, बँक कर्जासाठी कागद मागेल. त्या दिवशी तोंडचे शब्द कामास येत नाहीत.

परंतु कागदापेक्षाही मोठी गोष्ट प्राणांची आहे. १९९३ साली अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक निद्राधीन झाले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. हजारोंचे प्राण गेले. ती घरे कोणी चोरून बांधली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या तशीच बांधत आले होते. पण भिंतींचे दगड एकमेकांत गुंतलेले नव्हते आणि छताचे ओझे त्यांना पेलणारे नव्हते, हे सांगणारा कोणी जाणकार नव्हता. आराखड्यावर अभियंत्याची सही मागितली जाते ती याचसाठी. आता दुसरे टोक पाहा. ठाण्याजवळ शिळफाटा येथे काही महिन्यांत उभी केलेली अनधिकृत इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि चौऱ्याहत्तर माणसे दगावली. एके ठिकाणी अज्ञान, दुसऱ्या ठिकाणी लोभ. ढिगाऱ्याखाली मात्र दोन्हीकडे गरीबच होते.

मग जे बांधून बसले त्यांचे काय? याचे उत्तर लिंबागणेशाच्या भालचंद्र या नावातच आहे. चंद्राने गणेशाचा उपहास केला, शाप झाला. चंद्राने तप केले, उःशाप मिळाला. आणि गणेशाने त्याला भाळी धारण केले. पण उःशापाने शाप पुसला गेला काय? नाही. भाद्रपद चतुर्थीचा एक दिवस त्याच्या दोषाची आठवण म्हणून राहिलाच. ज्याला आज नियमितीकरण म्हणतात, त्याचे रूपही असेच असावे. दोष कबूल, दंड भरलेला, मर्यादा घातलेली, आणि दुसऱ्याचे अहित नसेल तरच. शासनाने २०१७ साली नगररचना अधिनियमात ५२-अ हे कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या काही बांधकामांस अशी वाट दिली. पण नदी, कालवे, तलाव यांच्या जागेवरील आणि धोकादायक असलेली बांधकामे त्यातून वगळली. शासकीय जागेवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून घर करून राहिलेल्या ग्रामीण गरिबांसाठीही २०१८ साली धोरण आले. ज्याला डोके टेकावयास अन्य जागा नाही, त्याला ही दया मिळालीच पाहिजे. परंतु दोन माड्या असताना रस्त्यावर तिसरी चढविणाऱ्याने गरिबाच्या झोपडीआड लपून तोच उःशाप मागू नये. चंद्राने आधी तप केले. आपण आधी बांधतो आणि मग निवडणुकीची वाट पाहतो.

हाच न्याय देवाच्या घरासही लागू आहे, हे भाविकांनीच मोठ्या मनाने म्हटले पाहिजे. २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रस्ते, बागा व सार्वजनिक जागा यांवर कोणत्याही धर्माचे नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, असा आदेश दिला. त्यानुसार जुन्या स्थळांची छाननी करून काही नियमित करणे, काही हलविणे व काही काढणे, अशी व्यवस्था राज्याने २०११ साली केली. यात धर्मावर घाला कोठे आला? दुसऱ्याच्या वाटेत बसविलेला देव त्या वाटसरूच्या मुखातून नामाऐवजी शिव्याशापच काढवितो. ज्या पूजेचा आरंभ बळकावलेल्या जागेवर होतो, तिच्यातील ‘न मम’ हे शब्द पोकळ ठरतात. कारण जे आपले नव्हतेच ते आपण अर्पण तरी कसे करणार?

एवढे गृहस्थास सांगितल्यावर पंचायतीसही चार शब्द सांगणे न्यायाचे होईल. सरळ माणूस कागद घेऊन जातो आणि हेलपाटे घालतो. आडवळणाचा माणूस रातोरात स्लॅब टाकतो आणि निवांत झोपतो. असे घडत राहिले तर सरळपणाची शिकवण कीर्तनातून किती वर्षे दिली तरी व्यर्थ. नगररचना अधिनियमात अर्जाच्या निर्णयास साठ दिवसांची मर्यादा आहे, ती उगीच नव्हे. ज्यांस आपण अजून ग्रामसेवक म्हणतो, त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी अर्ज आला त्या दिवशीच पोच द्यावी, त्रुटी एकदाच आणि लेखी कळवाव्यात. शासकीय वा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा पंचायतीचा सदस्य राहू शकत नाही, असे ग्रामपंचायत अधिनियमाचे १४ वे कलम सांगते. पूर्वजांनी केलेले अतिक्रमण उपभोगणाऱ्या सदस्यासही ते लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले. अनुज्ञा देणाऱ्याचा ओटा आधी मागे सरकलेला दिसला, तर गावाचे ओटे आपोआप सरकतील. आणि पाडण्याची वेळ आलीच, तर पंधरा दिवसांची नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी दिल्याखेरीज घरावर हात टाकू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले आहे. रस्ता, नदी, जलाशय यांवरील अतिक्रमणास मात्र हे संरक्षण नाही. दंडालाही धर्म असतो. ज्याचा ओढा विरुद्ध पक्षाकडे त्याचेच घर पाडावयाचे, हा अधर्मच होय.

तात्पर्य, या उत्सवात तीन गोष्टी सहज करता येतील. मंडळांनी मंडप घालताना परवानगी घ्यावी आणि ती मंडपाच्या दर्शनी भागी लावावी, म्हणजे मुलांस कागदाचे महत्त्व कळेल. क्षेत्राच्या गावी पालखीमार्गाची मोजणी ग्रामसभेपुढे ठेवावी आणि ज्याने त्याने आपली पायरी आपणहून मागे घ्यावी. पुरोहितवर्गाने भूमिपूजनाचा मुहूर्त सांगण्यापूर्वी यजमानास एकच प्रश्न विचारावा: ‘ग्रामपंचायतीचा कागद आला का?’ पूजेच्या यादीत हळद, कुंकू, सुपारी यांच्या खाली ही एक ओळ वाढली, तर दक्षिणा कमी होणार नाही आणि पुढचे भांडण, कोर्टाची पायरी व कदाचित एखादा अपघात टळेल. यंदाच्या चतुर्थीस संकल्प सोडताना आपल्या घराच्या उंबऱ्यापुढची वाट एकदा डोळे उघडून पाहावी. तिथे आपली एखादी पायरी पुढे आलेली असेल, तर विसर्जनापूर्वी ती मागे घ्यावी. श्रीभालचंद्रास याहून प्रिय असा नैवेद्य दुसरा नसेल.