डार्सीचा शर्ट पुरे, आता आईचा हिशोब दाखवा

तुमच्या फीडवर तो एकदा तरी येऊन गेला असणार. तळ्यात सूर मारून आलेला, पांढरा शर्ट अंगाला चिकटलेला आणि समोर अचानक एलिझाबेथ दिसल्यावर बोलायचं काय हेच न सुचणारा मिस्टर डार्सी. कॉलिन फर्थ, बीबीसी, १९९५. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वरची सहा भागांची मालिका. तीस वर्षं झाली, पण हा सीन काही म्हातारा होत नाही. गंमत म्हणजे कादंबरीत तो नाहीच. पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी तो घातला.

यावरून भांडायचं असेल तर खुशाल भांडा. माझी त्याला हरकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपण या मालिकांमध्ये कायम डार्सीकडे बघत बसतो आणि नायिकेच्या आईकडे बघून हसतो. आता नेटफ्लिक्सने पुन्हा सहा भागांची मालिका जाहीर केली आहे. एमा कोरिन एलिझाबेथ, जॅक लोडन डार्सी. लगेच 'फर्थ भारी की लोडन' सुरू झालं. मला मात्र त्या यादीतलं तिसरं नाव महत्त्वाचं वाटतं : मिसेस बेनेटच्या भूमिकेत ऑलिव्हिया कोलमन.

कादंबरी १८१३ची. बेनेट कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड. वाईट नाही. पण इस्टेट अशी बांधलेली की ती फक्त पुरुष वारसालाच मिळणार. बेनेटना पाच मुली, मुलगा नाही. म्हणजे वडिलांनी डोळे मिटले की घर, जमीन, सगळं कॉलिन्स नावाच्या लांबच्या नातेवाइकाकडे जाणार. वडिलांनी वेळेवर पैसे का साठवले नाहीत? कारण मुलगा होईल अशी खात्री होती! तो झाला की इस्टेटीची ही अट मोडून काढू, असा हिशोब. पाच मुली झाल्या, तरी आई पुढची कित्येक वर्षं आशेवर होती. हे वाचताना ही गोष्ट इंग्लंडची आहे हे विसरायला होतं, नाही का?

आता मुलींच्या वाट्याचं बघा. एलिझाबेथला मिळणार हजार पौंड, तेही आई गेल्यावर. व्याज चार टक्के. वर्षाला चाळीस पौंड. हा आकडा तिला कोण ऐकवतं? लग्नाची मागणी घालताना स्वतः कॉलिन्स! वर तुला पुन्हा कुणी मागणी घालेलच असं नाही, हेही सुचवून ठेवतो. आणि डार्सीचं उत्पन्न वर्षाला दहा हजार. त्याच्या एका वर्षाच्या उत्पन्नाएवढे पैसे जमवायला तिला अडीचशे वर्षं लागतील.

कॉलिन्सला ती नाही म्हणते, तेव्हा फक्त एका बोअर माणसाला नकार देत नसते. राहतं घर वाचवायचा सगळ्यात सोपा रस्ता सोडून देत असते. मग दहा हजारवाल्यालाही नकार देते. बीबीसीच्या मालिकेत तिसरा भाग या नकारावर संपतो, बरोबर मध्यावर. तेव्हाच्या प्रेक्षकांना पुढच्या भागासाठी आठवडाभर थांबावं लागलं. टीव्हीची हीच ताकद आहे, दोन तासांच्या सिनेमाला एवढा श्वास घेता येत नाही. पण चाळीस पौंड माहीत नसतील, तर तो नकार म्हणजे नुसता अ‍ॅटिट्यूड. रीलला चालतो तसला.

आणि इथेच पिरियड ड्रामा फसतो. कादंबरीत निवेदक एका वाक्यात हिशोब सांगून पुढे जातो. पडद्यावर दिसतं ते सुंदर घर, बाग, नोकर, खिडकीतून येणारं मऊ ऊन. वारसाचा कागद कॅमेऱ्यात दिसत नाही. आपण म्हणतो, एवढ्या घरात राहतात, यांना कसलं टेन्शन? ते टेन्शन कुणीतरी तोंडाने सांगावं लागतं. सांगते ती आई. १९९५च्या मालिकेत अ‍ॅलिसन स्टेडमन ते किंचाळत सांगते, आपण खो खो हसतो आणि मुद्दा हसण्यात वाहून जातो. (आपल्याकडे असती तर ही बाई तीनशे भाग खलनायिका म्हणून चालली असती.)

हसते तर ऑस्टिनसुद्धा, मान्य. बाई उथळ आहे, कुठे काय बोलावं कळत नाही, धाकट्या लिडियाने पळून जाऊन केलेल्या लग्नाचाही ती उत्सव करते. पण तिची भीती उथळ नाही. त्या घरात पुढे काय होणार याची रोज धास्ती घेणारी ती एकटीच आहे. वडील पुस्तकं घेऊन खोलीत बसतात आणि टोमणे मारतात. ते आपल्याला 'कूल' वाटतात!

२००५च्या सिनेमाने निदान प्रयत्न केला. घराभोवती चिखल, डुकरं, मळलेल्या गाऊनच्या कडा. कॉलिन्सशी लग्न ठरवणारी सत्तावीस वर्षांची शार्लट त्यात मला भीती वाटते हे सरळ बोलून दाखवते. पुस्तकातली शार्लट एवढं उघड बोलत नाही, पण तो बदल मला तळ्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. प्रसंग नवा, भीती मूळचीच.

गाऊन आणि घोडागाड्या काढल्या तरी ही गोष्ट उभी राहते, म्हणून तर दूरदर्शनने १९८५ मध्ये तिच्यावर 'तृष्णा' केली. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारी दुरुस्ती १९९४ची, देशभरातली २००५ची. कायदा झाला. तरी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातातच, आणि न देणारी बहीण नातेवाइकांत वाईट ठरते. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या घरी शेवटच्या सेमिस्टरला बायोडाटा तयार होतो. पॅकेज, फ्लॅट, शेती किती, हे आईच विचारते. आपण वैतागतो, ग्रुपवर मीम टाकतो. तिच्या स्वतःच्या नावावर काय आहे, हे मात्र आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय?

तर नवी मालिका आली की डार्सी बघाच, मीही बघणार आहे. पण कॉलिन्स पहिल्यांदा घरी येतो तो प्रसंग चुकवू नका. तो दिवाणखाना, जेवणाची खोली, फर्निचर, सगळ्याचं तोंडभरून कौतुक करतो. एरवी मिसेस बेनेट अशा कौतुकाने फुलून गेली असती. इथे तिला ते टोचतं, कारण उद्या आपल्याच होणाऱ्या वस्तू तो मोजतोय हे तिला कळतं. त्या वेळी कॅमेरा कॉलिन्सच्या विनोदी चेहऱ्यावर राहतो की तिच्याकडे वळतो, तेवढं बघा.