घसारा म्हणजे सवलत नव्हे



उपाहारगृहे व बार यंत्रसामग्रीवरील घसाऱ्याआडून कर वाचवतात, या वाचकपत्रातील मताशी मी असहमत आहे. घसारा हा आधीच झालेला खर्च असतो; कायदा तो हप्त्याहप्त्याने मान्य करतो, इतकेच. फ्रीझर, भट्टी, भांडी धुण्याचे यंत्र यांना घटत्या मूल्यावर १५ टक्के दर आहे, टेबल-खुर्च्यांना १० टक्के. म्हणजे दहा लाखांच्या यंत्रांचे पाच वर्षांनंतरही हिशेबात सुमारे ४ लाख ४४ हजार उरतात. वाफ, तेल आणि अखंड वापर सोसणाऱ्या स्वयंपाकघरात तितकी किंमत खरोखर उरते का? संगणकाला ४० टक्के देणाऱ्या कायद्याने याचा विचार करायला हवा. कारखान्यांच्या नव्या यंत्रांना मिळालेला २० टक्के अतिरिक्त घसाराही उत्पादनासाठीच होता, आणि हॉटेलात अन्न शिजवणे म्हणजे उत्पादन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने इंडियन हॉटेल्स प्रकरणात २००० सालीच ठरवले.

दुरुस्तीचा खर्च वेगळा वजा होतो, हा आक्षेप खरा आहे. पण दुरुस्तीने कॉम्प्रेसरचे आयुष्य फार वाढत नाही. दर वाढवला तर गैरवापर होईल, ही भीतीही मला पटत नाही. वर्षात १८० दिवसांहून कमी वापरलेल्या नव्या यंत्राला निम्माच दर मिळतो, आणि एकूण घसारा मूळ किमतीपलीकडे कधीच जात नाही. दर वाढला तर वजावट लवकर मिळेल, जास्त नव्हे.

— एक वाचक