पितरांची पंगत

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला, की पलूस तालुक्यात घरोघरी म्हाळ सुरू होतात. खीर, वडे, आमटी, भात, गवारीची भाजी. पान छपरावर ठेवायचं आणि कावळ्याची वाट बघायची. तो येईना, की कोणीतरी म्हणतंच, ‘आबांना कारलं आवडायचं, ते राहिलंय बघा.’ मग घाईनं कारलं तळून येतं.

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला हेच चालतं, फक्त गाण्याबजावण्यासह. गेलेल्याचा फोटो, त्याचं आवडतं जेवण, प्रसंगी दारूही मांडतात आणि झेंडूच्या पाकळ्यांनी वाट दाखवतात. (झेंडू मूळचा तिथलाच, आपल्याकडे येऊन तो दसऱ्याचा मानकरी झाला.) २००८ साली युनेस्कोने ही परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

आपण मात्र पितरांचा हा पंधरवडा अशुभ ठरवून खरेदीसुद्धा थांबवतो. आपणच जेवायला बोलावलेली आपली माणसं अशुभ कशी? ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरात पलूस तालुक्यातल्याच ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. पितृपक्ष त्यानंतर सव्वा महिन्यात आला. ज्यांचं माणूस गेलं, त्यांना हे दिवस टाळायचे नसतात, गेलेल्याविषयी बोलायचं असतं.

यंदाच्या पंगतीत पोरांना पणजोबांची एखादी खोड सांगा. जमलं तर चार ओळी लिहून आमच्याकडेही पाठवा.