मुखपृष्ठाची शिक्षा लेखिकांना

एलिझाबेथ स्मिदर आणि स्टेफनी जॉन्सन यांच्या पुस्तकांतल्या एका ओळीवरही कोणी आक्षेप घेतलेला नाही. तरीही न्यूझीलंडच्या ‘ऑकहम’ साहित्य पुरस्कारांतून ही दोन्ही पुस्तके बाद झाली. मुखपृष्ठासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली, एवढाच ठपका. त्यापायी ६५ हजार न्यूझीलंड डॉलरच्या कथासाहित्य पुरस्काराचा दरवाजा बंद झाला. स्मिदर ऐंशी ओलांडलेल्या, त्या देशाच्या माजी राजकवी. आयुष्यभर शब्दांशी प्रामाणिक राहिलेल्या बाईंना चित्रासाठी शिक्षा देणे हा अन्याय आहे.

चित्रकारांचे काम आणि स्वामित्वहक्क जपायचे आहेत, असे आयोजक सांगतात. जपायलाच हवेत. पण मुखपृष्ठ ठरवतो प्रकाशक. लेखकाला ते दाखवले जाते, फार तर त्याचे मत विचारले जाते. ते कोणत्या साधनाने काढले, हे त्याला कळणार कसे? शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेला मज्जाव करणारा हा नियम आला ऑगस्ट २०२५ मध्ये. तोवर मुखपृष्ठे तयार झाली होती, असे प्रकाशक सांगतात. पुस्तक तयार झाल्यावर आलेला नियम त्या पुस्तकाला लावता येत नाही. नियम कडक करा, हवा तेवढा कडक करा. पण पुढच्या वर्षापासून, आणि ज्याने चूक केली त्याच्यासाठी. ही दोन्ही पुस्तके परीक्षकांकडे परत गेली पाहिजेत.

अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेनेही डिसेंबर २०२५ मध्ये ‘नेब्युला’ पुरस्काराचे नियम बदलताना गोंधळ घातला. यंत्राची मदत घेतल्याचे सांगितले तर कथा चालेल, असे आधी ठरले. लेखक खवळले. काही दिवसांत संघटनेने माफी मागितली आणि यंत्राने अंशतः लिहिलेली कथाही अपात्र ठरवली. आधी विचारले असते तर ही वेळ आली नसती. पण निदान तिथे लेखकांचे ऐकले गेले आणि नियम लेखनापुरता राहिला.

आपल्याकडे तर नियम बदलण्याचीही गरज वाटत नाही. कोबाड गांधींच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या तुरुंगातल्या आठवणींच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला २०२२ मध्ये महाराष्ट्राचा राज्य पुरस्कार जाहीर झाला. काही दिवसांत सरकारने तो रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. कारण वेगळे, पण रीत तीच: आधी लेखन घ्यायचे, मग पात्रतेची रेघ हलवायची. परीक्षकांच्या निवडीला काही किंमतच उरली नाही, आणि त्याची लाज सरकारला वाटली नाही.

दिवाळी अंकांच्या कथास्पर्धांपासून महाविद्यालयांच्या निबंधस्पर्धांपर्यंत आता ‘कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर नसावा’ हे वाक्य येणारच. त्याखाली ‘आयोजकांचा निर्णय अंतिम राहील’ हे आहेच. पण वापर म्हणजे काय? हात थरथरतो म्हणून फोनला सांगून कथा उतरवणाऱ्या आजोबांना बाद करणार? शुद्धलेखन तपासून घेणाऱ्या शिक्षिकेला? की यंत्राकडून अख्खी कथा लिहून घेणाऱ्याला? यातले काय चालेल आणि काय नाही, हे स्पर्धेच्या पहिल्या जाहिरातीतच स्पष्ट लिहा. कोणाला बाद केलेच, तर त्याचे कारण त्याला लेखी कळवा आणि उत्तर द्यायला मुदत द्या. एवढे करायची तयारी नसेल, तर लेखकांकडून कथा मागवू नका.