पोरक्या मुलांची मुदत ठेव

कोरोनाच्या साथीत आई आणि वडील दोघांनाही गमावलेल्या मुलांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने प्रत्येकी १० लाख रुपयांची तजवीज जाहीर केली आणि महाराष्ट्र सरकारने ५ लाखांची मुदत ठेव. केंद्राच्या योजनेतील ही रक्कम मुलाच्या हाती पडावयाची ती वयाची २३ वर्षे पूर्ण झाल्यावर. सरकार त्या वेळी स्वस्थ बसले नाही, याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. तथापि, ज्या मुलाने सातव्या वर्षी आईला रुग्णवाहिकेत चढताना दारातून पाहिले आणि पुढे तिचे मुखही पाहिले नाही, त्याचे दुखणे तेविसाव्या वर्षी सुरू होत नाही. ते त्याच रात्री सुरू होते. त्या दुखण्यासाठी आपण कोणती तरतूद केली, हा प्रश्न आज विचारणे भाग आहे. कारण तेव्हा बालवाडीत असलेली मुले आता माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर येत आहेत.

वृत्तपत्रात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, गणेशविसर्जन करून झोपलेली गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली आणि हजारो माणसे दगावली. त्या भागातला एक मुलगा पुढच्या जूनमध्ये आमच्या वर्गात आला. तो मामाकडे राहत असे. तोंडी हिशेबात त्याचा हात धरणारा वर्गात दुसरा नव्हता. पण रस्त्यावरून अवजड ट्रक गेला, खिडक्यांची तावदाने थरथरली, की हा पाटी-पुस्तक टाकून थेट दारात. दोनदा आम्ही त्याला वर्गाबाहेर उभे केले; तिसऱ्यांदा हातावर पट्टी मारली. वर्षअखेर मामा भेटावयास आले तेव्हा बोलता बोलता म्हणाले, ‘पोरगं छताखाली झोपत नाही, गुरुजी. पावसातसुद्धा पडवीच्या कडेला अंथरूण घालतं.’ तो कोठून आला हे प्रवेशाच्या अर्जावर लिहिलेले होते. ते आम्ही वाचलेही होते. दोन गोष्टींची सांगड घालण्याचे मात्र आम्हांला सुचले नाही.

आज मानसशास्त्र ज्याला बालपणीचा आघात म्हणते, त्याचे हे साधे उदाहरण होय. संकट आले की शरीर सावध होते, छाती धडधडते, कॉर्टिसॉलसारखी द्रव्ये रक्तात उतरतात. संकट टळल्यावर सारे पूर्ववत व्हावे अशी निसर्गाची योजना आहे. पण भय दीर्घकाळ टिकले आणि जवळ घेणारे कोणी नसले, तर ही सावधगिरी मुलाच्या अंगी मुरते. मग ते शिकेल कसे? त्याचे सारे लक्ष पहाऱ्यावर गुंतलेले असते. कोणी चिडखोर होते, कोणी अंथरूण ओले करू लागते, कोणी शून्यात पाहत बसते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात या सर्वांसाठी एकच शेरा असतो, ‘अभ्यासात लक्ष नाही’. १९९८ साली अमेरिकेत फेलिटी आणि अँडा यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले, की बालपणी मारहाण, अत्याचार, घरातील व्यसन अशा आपत्ती जितक्या अधिक, तितके पुढील आयुष्यात नैराश्याचेच नव्हे तर हृदयविकाराचेही प्रमाण अधिक.

यावर उपाय कोणता, याचा कठोर पुरावा रुमानियातून मिळाला. चाउशेस्कूच्या राजवटीत एक लाखाहून अधिक मुले सरकारी अनाथगृहांत होती. त्यांतील पुष्कळांचे आईबाप हयात होते. २००० सालापासून बुखारेस्टमधील १३६ तान्ह्या मुलांचा अभ्यास झाला. निम्म्या मुलांना प्रतिपालक कुटुंबांत ठेवले, उरलेल्यांची व्यवस्था पूर्वीप्रमाणे राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी व जिव्हाळ्याची क्षमता अधिक वाढली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत जी गेली त्यांची विशेष. संस्थेत अन्नवस्त्र होते. ठरलेले एक माणूस नव्हते. मोठ्या मुलांची गोष्ट निराळी आहे, हेही सांगितले पाहिजे. लातूरच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यात आणून शिकविले, त्या कार्याचे मोल कोणी कमी लेखू नये. परंतु संस्था हा शेवटचा पर्याय असावा, हे आपल्या २०१५ च्या बालन्याय कायद्याचेही तत्त्व आहे.

आपल्या सुशिक्षित घरांत काय होते? ‘बाबा परगावी गेले आहेत’ असे मुलाला सांगितले जाते. त्याला ते खोटे आहे हे आठ दिवसांत कळते, आणि मोठी माणसे या विषयावर खोटे बोलतात हेही कळते. नऊ वर्षांच्या थोरल्याला ‘आता तूच घरचा कर्ता’ असे बजावून त्याचे रडण्याचे वय काढून घेतले जाते. दुसऱ्या टोकाला, घटना घडताच मुलाला खोदखोदून बोलते करणारे उत्साही लोक असतात. तेही हितावह नाही. मृत्यू झाला हे सोप्या शब्दांत खरे सांगावे, जेवणाझोपेच्या वेळा मोडू नयेत, शाळा व खेळ लवकर सुरू करावेत, आणि मूल बोलेल तेव्हा हातातले काम बाजूला ठेवावे. बहुसंख्य मुले एवढ्याने सावरतात. महिनोन् महिने जी सावरत नाहीत त्यांना तज्ज्ञाकडे नेण्यात लाज कसली? १०९८ हा मुलांसाठीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहे. किती पालकांना तो ठाऊक आहे?

सरकारकडे आमचे मागणे ठेवीची रक्कम वाढविण्याचे नाही. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगितले, की एप्रिल २०२० पासून विविध कारणांनी सुमारे १ लाख ४७ हजार मुलांनी आई-वडिलांपैकी एक वा दोघे गमावले. दोघेही गमावलेली त्यांत सुमारे १० हजार. म्हणजे मोठी ठेव ज्यांच्या वाट्याला येत नाही अशीच मुले फार मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांचा सारा भार एकट्या विधवेवर वा थकलेल्या आजीवर आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत अशा घरांना मासिक साहाय्य देण्याची सोय आहे. ते दरमहा वेळेवर पोचावे, आणि पैशांबरोबर महिन्यातून एकदा तेच ते प्रशिक्षित माणूस घरी जावे, नवा चेहरा नव्हे. आजी टिकली तर मूल टिकेल.

शाळांचे काम याहून स्वस्त आहे. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयांत या मुलांच्या याद्या आहेत. शाळा उघडण्यापूर्वी ही माहिती वर्गशिक्षकाच्या कानी घालावी आणि आघात झालेले मूल वर्गात कसे वागते, याचे दोन दिवसांचे शिक्षण त्याला द्यावे. फलकावर नावे लावू नयेत, सभेत त्यांना उभे करून वह्या वाटू नयेत. दार कोणत्या मुलाला उघडे लागते, हे एका शिक्षकाला ठाऊक असले म्हणजे पुरे.