पहिला हंडा कुणाचा?

आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीने विचारलं, "ताई, महापालिकेनं कर्ज काढलं तर हप्ता कोण भरतं?" मी पटकन म्हणाले, "महापालिका." सगळ्या हसल्या. बरोबरच आहे. महापालिकेची काय स्वतःची शेती आहे?

म्हणून जरा वाचायला बसले. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले. मुदत १० वर्षं, व्याज ७.५९ टक्के. म्हणजे वर्षाला १५ कोटींच्या वर नुसतं व्याज! रोखे घेणाऱ्यांना भरवसा कशाचा? तर मालमत्ताकराचा. वसुलीचा पैसा एका वेगळ्या खात्यात जातो, त्यातून व्याजाची नि मुद्दलाची तजवीज आधी होते, उरेल ते शहराच्या बाकी कामांना. १९९८ साली अहमदाबादने सरकारी हमीशिवाय १०० कोटी उभे केले, तेव्हा जकात नाक्यांची वसुली अशीच बांधून दिली होती. जकात पुढे बंद झाली, पण होती तोवर ती दुकानातल्या किमतीतून आपल्याच पिशवीत उतरत होती.

मी कर्जाच्या विरोधात नाही. शिलाई मशीनसाठी आपणही काढतोच. जलवाहिनी कित्येक वर्षं टिकते, तेव्हा तिचे पैसेही वर्षानुवर्षं फिटावेत हे योग्यच. माझं भांडण रांगेशी आहे. वसुली कमी पडली तरी रोखेवाल्याचा हंडा आधी भरलेला असतो, कारण त्याच्याकडे करार आहे. वस्तीतल्या संडासाची दुरुस्ती, बालवाडी यांचा करार कुणाशी झालाय? कात्री तिथेच लागते. आणि पुण्यात तर निविदा रद्द झाल्याने रोख्यांचे पैसे काही काळ मुदत ठेवीत पडून होते. व्याज चालू, नळ नाही. आमच्या गटात असं कुणी केलं असतं, तर तिला बैठकीत उभं राहून उत्तर द्यावं लागलं असतं.

वर ऐकवतात, वस्तीतल्या बायका कर कुठे भरतात? घरपट्टी वाढली म्हणून भाडं वाढवणारा मालक मला चांगला ठाऊक आहे. पावती त्याच्या नावाची, पैसे धुणीभांडी करणारीचे.

रोखे काढण्याआधी कुठलं उत्पन्न बांधून देणार नि कुठल्या वस्तीत आधी नळ येणार, हे वॉर्डात येऊन सांगायला हवं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरपट्टीची पावती आणायची ठरली आहे. भाडेकरणींनी भाड्याचा आकडा सांगायचा.