पेटी कोठे ठेवावी?

गेल्या उन्हाळ्यात खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांची थोरली मुलगी पुण्यातील एका कचेरीचे हिशेबाचे काम घरी बसून करते. आजी अंथरुणाला खिळलेली, आई दिवसभर शेतावर. तेव्हा मुलगी घरी राहूनच चार पैसे मिळविते, ही त्या कुटुंबास मोठीच सोय होती. परंतु कचेरीच्या बैठकी चालू असता तिचे चित्र गोठे, आवाज तुटे, आणि शेवटी वरिष्ठांनी तिला स्पष्ट कळविले की, महिन्याभरात ही व्यवस्था सुधारली नाही तर पुण्यास येऊन राहावे लागेल. "आम्ही करावयाचे काय बाकी ठेवले?" ते गृहस्थ म्हणाले. "पन्नासाची जोडणी होती ती शंभराची केली, शंभराची दोनशेची केली. दर खेपेस बिल तेवढे वाढले. पोरीच्या खोलीत आपले जे होते तेच!"

आम्ही काही ह्या शास्त्रातले पंडित नव्हे. परंतु आमच्या लहानशा कचेरीतील यंत्रांची उस्तवार कित्येक वर्षे आमच्याच गळ्यात पडलेली असल्यामुळे ह्या बाबतीत थोड्याफार ठेचा आम्ही खाल्ल्या आहेत. एका रविवारी दुपारी आम्ही त्यांचे घर गाठले.

घर जुन्या बांधणीचे. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे दोन खोल्या. भिंती जांभ्या दगडाच्या, दीड-दीड फूट जाडीच्या. जोडणी देणारा मनुष्य फायबरची तार सोप्यावरील खिडकीतून आत घेऊन राउटरची पेटी तेथेच बसवून गेला होता. लहान मुले तिला हात लावतील म्हणून घरच्यांनी ती उचलून लोखंडी कपाटात ठेविली होती, आणि कपाटास कुलूप! मुलीची खोली अगदी मागे, परसाकडे.

प्रथम आम्ही मुलीचा संगणक सोप्यावर आणविला आणि हातभर तारेने सरळ पेटीस जोडला. वेग मोजला तो दोनशेपैकी एकशे नव्वदाच्या घरात भरला. म्हणजे कंपनीकडून येणारी जोडणी निर्दोष होती. मग तोच संगणक मागल्या खोलीत नेऊन तारेवाचून मोजला. तेथे तीन, क्षणभराने एक, पुढे शून्य. रोग कोठे आहे हे पाच मिनिटांत कळले. ही परीक्षा कोणासही करता येते, तिला खर्च नाही. आणि मोठ्या योजनेचे पैसे भरण्यापूर्वी ती प्रत्येकाने करावी अशी आमची आग्रहाची सूचना आहे. बैठकीतील एका चित्रास तीन-चार मेगाबिट पुरतात. त्या मुलीस पन्नासाची जोडणीही भरपूर होती. ती तिच्या खोलीपर्यंत पोहोचतच नव्हती, एवढेच.

असे का व्हावे? घरातील बिनतारी लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतात. एक २.४ गीगाहर्ट्झचा, दुसरा ५ गीगाहर्ट्झचा. पहिल्याचा वेग कमी, पण तो भिंतीतून त्यातल्या त्यात बरा पार जातो. दुसरा वेगवान, पण भिंत आली की लवकर दमतो. दगड, ओली माती आणि पाण्याची टाकी ह्या लहरी शोषून घेतात. लोखंडाचा पत्रा व मोठा आरसा त्यांना परतवून लावतात. लोखंडी कपाटात राउटर ठेवणे म्हणजे कंदील पेटवून हंड्याखाली झाकणे होय. शिवाय २.४ च्या पट्ट्यातच मायक्रोवेव्ह भट्टी आणि शेजाऱ्यांचे राउटर गर्दी करतात. ह्या पट्ट्यात एकमेकांस न अडविणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११; दाट वस्तीत शेजाऱ्याचा १ असेल तर आपण ६ किंवा ११ निवडावा.

पेटी घराच्या मध्यावर, उघड्या जागी, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून थोडी वर असावी. टीव्हीच्या मागे, फ्रिजवर, कपाटात नसावी. पुष्कळ घरांत एवढ्याने काम भागते आणि दुकानाची पायरी चढावीच लागत नाही. दुकानदार मंडळी ह्यावर आमच्याशी वाद घालतील, घालोत बापडे.

ह्या घरात मात्र तेवढ्याने भागणार नव्हते, कारण सोप्यापासून मागल्या खोलीपर्यंत दोन जाड भिंती आडव्या होत्या. कोणीतरी त्या गृहस्थांस 'रिपीटर' नावाचे यंत्र भिंतीतल्या प्लगात खोचावयास सांगितले होते. हे यंत्र लहरी झेलून पुढे फेकते. परंतु साधा स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर आळीपाळीने ऐकतो व बोलतो, त्यामुळे वेग निम्म्याच्या आसपास उतरतो, आणि ज्या ठिकाणी लहर मुळातच क्षीण आहे तेथे तो क्षीणच लहर पुढे देतो. आजकाल 'मेश' म्हणून दोन-तीन पेट्यांचा संच मिळतो. तो चांगला असतो, पण त्याच्या पेट्याही जाड भिंतीपलीकडून एकमेकींशी तारेवाचून बोलू लागल्या की तीच अडचण येते. जुन्या दगडी घरास खरा उपाय एकच, आणि तो जुनाच आहे: तार.

तारेविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण येथेच लोक फसतात. इथरनेट ह्या पद्धतीचा उगम १९७३ सालचा, अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेतला. तिच्या आजच्या तांब्याच्या तारा शंभर मीटरपर्यंत सेकंदास एक गीगाबिट सहज वाहून नेतात. घरासाठी 'कॅट ६' जातीची तार घ्यावी. 'कॅट ५ई' देखील चालते. मात्र ती शुद्ध तांब्याचीच आहे हे वेष्टनावर पाहून घ्यावे. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार बाजारात स्वस्त मिळते. ती वाकविताना मोडते, जोडापाशी बिघडते, आणि दोन वर्षांनी माळ्यावर चढून शोधत बसण्याची पाळी आणते. विजेच्या तारेच्या नळीतूनच ही तारही ओढून घेऊ नये. दोन्हींत अंतर राखावे.

आम्ही सोप्यावरून माळ्यावर, माळ्यावरून माजघराच्या पलीकडे अशी सुमारे वीस मीटर तार नेली. तिच्या टोकास मुलीच्या खोलीत दुसरी पेटी हवी होती. ती नवी आणावयाची काय? त्या गृहस्थांच्या फडताळात आधीच्या कंपनीचा एक जुना राउटर धूळ खात पडला होता. तोच आम्ही पुसून घेतला.

येथे आमची स्वतःची फजिती सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत अंक छापावयास जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही असाच एक जुना राउटर मोठ्या हुशारीने तारेने जोडला. तासाभरात निम्मे संगणक चालेनात. जे सकाळी चालत होते ते दुपारी बंद, दुपारचे संध्याकाळी बंद. रात्री दहापर्यंत आम्ही कंपनीच्या नावाने खडे फोडीत होतो, आणि दोष सर्वस्वी आमचा होता. त्याचे कारण असे की, घरातील प्रत्येक यंत्रास एक क्रमांक लागतो, आणि तो वाटून देण्याचे काम राउटर करतो. एका घरात क्रमांक वाटणारे दोघे झाले, शिवाय दोघेही स्वतःस १९२.१६८.१.१ म्हणवू लागले, की कोणाचे कोणास कळत नाही. म्हणून दुसरी पेटी लावताना तिच्यात 'अॅक्सेस पॉइंट' अशी निवड असेल तर ती करावी. जुन्या पेटीत ती नसेल तर प्रथम तिचा क्रमांक बदलून १९२.१६८.१.२ असा करावा, मग तिचे क्रमांकवाटप, म्हणजे 'डीएचसीपी', बंद करावे, आणि पहिल्या पेटीकडून आलेली तार तिच्या 'वॅन' लिहिलेल्या छिद्रात न घालता 'लॅन' च्या छिद्रात घालावी. पहिल्या पेटीचा क्रमांक निराळा असेल तर दुसरीचा त्याच मालिकेतला, पण रिकामा, निवडावा. दोन्ही पेट्यांस नाव व पासवर्ड एकच द्यावा म्हणजे माणूस खोलीतून खोलीत गेला तरी फोन आपण होऊन जवळची पेटी धरतो. मार्ग मात्र भिन्न ठेवावेत. त्या घरी आम्ही सोप्यावर १ आणि मागे ११ ठेविला.

नवी पेटी घेण्याची वेळ आलीच तर शिंगे मोजू नयेत. सहा शिंगांचा राउटर चार शिंगांच्यापेक्षा दीडपट लांब पोहोचतो असे मुळीच नाही. प्रक्षेपणाच्या शक्तीस कायद्याने मर्यादा आहे. पाहावयाचे ते मागच्या छिद्रांकडे. पुष्कळ स्वस्त राउटरांची छिद्रे अद्याप शंभर मेगाबिटांचीच असतात. त्यावर दोनशेची जोडणी घेतली तर तारेतून पंचाण्णवच्या आसपासच मिळते आणि उरलेले बिल व्यर्थ जाते. 'गीगाबिट' छिद्रे आहेत का, असे नेमके विचारावे. दोन्ही पट्टे असावेत. 'वाय-फाय ६' ही पद्धत २०२१ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. तिचा खरा लाभ एकाच वेळी पुष्कळ यंत्रे जोडली असता दिसतो. चार फोन व एक संगणक असलेल्या घरास तिच्या आधीची 'वाय-फाय ५' ची पेटीही सुखाने पुरते. छोट्या कचेरीस टेबलावरील संगणक, छापण्याचे यंत्र आणि कॅमेऱ्यांची नोंदपेटी ह्यांना आठ छिद्रांचा साधा स्विच घेऊन तारेनेच जोडावे. जे हालत नाही त्यास तार, जे हालते त्यास लहर. आम्ही हाच नियम पाळतो.

आता कुलपाविषयी. घराच्या दारास कुलूप लावणारे लोक राउटरची किल्ली मात्र कारखान्यातून आली तशीच ठेवतात. २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका उपद्रवी प्रणालीने कारखान्यातील ठरीव नावे व पासवर्ड यांची साठएक जोड्यांची यादी घेऊन जगभरचे कॅमेरे व राउटर एकामागून एक उघडले, आणि ऑक्टोबर महिन्यात त्यांच्याकरवी अमेरिकेतील एका कंपनीवर असा मारा केला की कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. ज्यांच्या घरच्या पेट्या ह्या कामी वापरल्या गेल्या त्यांना त्याचा पत्ताही नसावा. म्हणून पेटीच्या व्यवस्थेचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, आणि तो वाय-फायच्या पासवर्डाहून निराळा असावा. सुरक्षेची पद्धत 'डब्ल्यूपीए३', ती नसेल तर 'डब्ल्यूपीए२' निवडावी. 'डब्ल्यूईपी' ही जुनी पद्धत २००१ सालीच फुटली आहे. 'डब्ल्यूपीएस' ची आठ आकडी किल्ली बंद करावी. आठ आकडे पाहून ती भक्कम वाटते, परंतु पेटी ती दोन तुकड्यांत तपासते, त्यामुळे अकरा हजार प्रयत्नांत ती सापडतेच, हे २०११ साली उघड झाले. बाहेरून पेटी चालविण्याची सोयही बंद असावी. आणि पेटीची आतील प्रणाली वर्षातून दोन-तीनदा अद्ययावत करावी. २०१७ साली खुद्द 'डब्ल्यूपीए२' मध्ये दोष आढळला तो अशाच सुधारणांनी बुजविला गेला.

एका धर्मग्रामाच्या कचेरीत आम्ही वाय-फायचा पासवर्ड सूचनाफलकावर टाचलेला पाहिला. सणाच्या दिवशी पाहुण्यांची सोय व्हावी हा हेतू चांगला. पण त्याच जाळ्यावर बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदींचा संगणक होता. बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढता येते. ते काढावे, फलकावर त्याचा पासवर्ड लावावा, आणि नोंदींचे जाळे आपल्यापाशी ठेवावे. दुकान आणि घर एकाच जोडणीवर असेल तेथेही हीच युक्ती लागू पडते.

त्या मुलीच्या खोलीत संध्याकाळी आम्ही पुन्हा वेग मोजला. तार जुन्या राउटरच्या शंभर मेगाबिटांच्या छिद्रांतून येत होती, म्हणून नव्वदाच्या थोडा वर मिळाला. दुसऱ्या महिन्यात वडिलांनी जोडणी पुन्हा पन्नासावर आणली. मुलगी अजून घरूनच काम करते.

एक गोष्ट मात्र आम्ही त्यांना करू दिली नाही. गोठ्यापलीकडील भावाच्या घरी हीच तांब्याची तार उघड्यावरून, खांबावरून न्यावी असा त्यांचा विचार होता. आपल्याकडे मृग नक्षत्रापूर्वीच्या वळवात विजा कशा पडतात हे वाचकांस सांगावयास नको. जवळपास वीज पडली तरी अशा तारेतून झटका येऊन दोन्ही घरांतील यंत्रे जळू शकतात. दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावी, कारण काच वीज वाहून नेत नाही; तीतही आधारासाठी पोलादी तार गुंफलेली असते, ती पेटीपर्यंत आत आणू नये. पेटीस वीज पुरविण्यासाठी लहान यूपीएस मिळतो. तो घेताना पेटीच्या अॅडॅप्टरवरील व्होल्ट व अँपिअरचे आकडे कागदावर लिहून दुकानात न्यावेत. बहुधा ते बारा व्होल्ट असतात, पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. आणि आभाळ गडगडू लागले की पेटीचा प्लग काढून ठेवावा, यूपीएस असला तरी.